सुट्टीत मोकळा, कामावर बंद: गाडी रंगवणाऱ्या एका कारागिराचा दमा

पार्श्वभूमी

हे गृहस्थ आमच्याकडे आले तेव्हा ३८ वर्षांचे होते. नाव घेत नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे त्यांना ‘कारागीर’ एवढंच म्हणतो. डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात चौदा वर्षं काढलेली. लांबी भरणं, पेपर मारणं इथपासून सुरुवात करून हातात स्प्रे गन आलेली. नऊ जणांच्या वर्कशॉपमध्ये बूथमध्ये, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीत, उभं राहून शेवटचा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, मारायचं काम एकट्या त्यांचं. पगार ठरलेला पण थोडा, आणि त्यावर दर गाडीमागे पैसे. ही शेवटची गोष्ट पुढे प्रत्येक वळणावर आडवी आली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आमच्याकडे येण्याआधी साधारण दोन वर्षं वर्कशॉपने जुना रंग सोडून ‘टू-के’ रंग घेतला होता. यात रंग किंवा क्लिअर वापरायच्या ऐन वेळी त्यात हार्डनर मिसळतात. चकाकी उत्तम येते, कोट लवकर कडक होतो, दिवसाला गाड्या जास्त निघतात. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. (आयसोसायनेट म्हटलं की १९८४ चं भोपाळ आठवतं. तो मिथाइल आयसोसायनेट वायू होता. हार्डनरमधली रसायनं त्याच घराण्यातली, पण वेगळी. गनमधून उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर ती छातीत उतरतात.) गोची अशी की थिनरचा वास येतो, डोकं धरतं, म्हणून सगळे थिनरला घाबरतात. आयसोसायनेट मात्र हवेत धोक्याच्या पातळीवर गेलं तरी नाकाला पत्ता लागत नाही.

कारागिरांकडे कार्बनच्या डब्या लावायचा मास्क होता. डब्या कधी बदलायच्या? “वास यायला लागला की.” म्हणजे ज्या रसायनाचा वास वेळेत लागतच नाही, त्याची राखण वासावर सोडलेली. शिवाय कोट मारून झाला की प्रत्येक रंगारी जे करतो तेच तेही करत: मास्क वर सरकवायचा, बॉनेटवर तिरका उजेड घ्यायचा आणि कुठे ओघळ आलाय का ते वाकून बघायचं. बूथमधले तुषार त्या वेळी हवेतच असतात.

तक्रार आणि हातचे गेलेले अकरा महिने

सुरुवात नाकाने झाली. सतत वाहणारं नाक, डोळ्यांना खाज. मग रात्रीचा खोकला. दोन-अडीचला जाग यायची, छाती आवळून धरल्यासारखी व्हायची. पत्नीने सांगितलं, “हे उशी उभी करून भिंतीला टेकून बसायचे. मी विचारलं तर म्हणायचे, झोप, काही नाही.”

खोकला घरी यायचा, म्हणून दोष घराला लागला. गादी बदलली, पडदे काढले, ओल धरलेली एक भिंत खरवडून नव्याने करून घेतली. यासाठी उसनवारी झाली. जवळच्या डॉक्टरांनी ब्रॉन्कायटिस धरून दोनदा अँटिबायोटिक दिलं, नंतर पंप दिला. पंपाने बरं वाटायचं, चार दिवसांनी पुन्हा तेच. कारागीर सिगारेट ओढायचे, तेव्हा खापर फोडायला तेही हाताशी होतं.

त्यांच्याकडचे जुने केसपेपर मी नंतर टेबलावर मांडून पाहिले. सात भेटी. प्रत्येकावर ‘व्यवसाय’ या रकान्यात एकच: खाजगी नोकरी. त्या डॉक्टरांना नावं ठेवायचा हेतू नाही. पाच मिनिटांच्या भेटीत हा रकाना कोण वाचतो? पण आयसोसायनेटमुळे होणाऱ्या दम्याचा झटका पुष्कळदा उशिरा येतो. दिवसा श्वासावाटे गेलेलं काही तासांनी, संध्याकाळी किंवा रात्री, त्रास देतं. बूथमध्ये माणूस ठणठणीत आणि घरी बेजार. कामाचा संशय येणार कुठून?

संशय आला तो एका सुट्टीमुळे. नात्यातल्या कामासाठी बारा दिवस गावाबाहेर जाणं झालं आणि पंप बॅगेतच राहिला. सोमवारी कामावर हजर, बुधवारी रात्री पुन्हा भिंतीला टेकून. पत्नीने हे जोडलं, डॉक्टरांनी नाही. पहिल्या लक्षणापासून अकरा महिने झाले होते.

पहिला निर्णय: काम आधी थांबवायचं की पुरावा आधी गोळा करायचा

पहिल्या भेटीत मी पाठीवर नळी लावली तेव्हा घरघर जवळपास नव्हती, स्पायरोमेट्रीही, म्हणजे यंत्रात फुंकून घेतलेली श्वासाची चाचणी, बऱ्यापैकी. भेट सोमवारी सकाळी होती आणि रविवार विश्रांतीत गेला होता, त्यात नवल नव्हतं.

इथे मोह होतो सरळ सांगायचा: आजपासून काम बंद. छातीच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण हा दमा कामाचाच आहे हे दाखवायचं तर काम सुरू असतानाची आणि काम बंद असतानाची छाती शेजारी-शेजारी ठेवून दाखवावी लागते. आधी काम सोडलं, की उरतो तो एक साधा दमेकरी: ओढणारा, वय चाळिशीच्या घरात, घरात ओल. मग भरपाई विसराच, वर्कशॉपमध्ये दुसरं काम मागायलाही हातात कागद नाही.

मी तीन पर्याय समोर ठेवले. लगेच काम थांबवून उपचार. किंवा काम चालू ठेवून चार आठवडे पीक फ्लोची, म्हणजे जोरात फुंकल्यावर श्वास किती वेगाने बाहेर पडतो त्याची, नोंद आणि त्यानंतर दोन आठवडे पूर्ण रजेवर तीच नोंद. किंवा नुसता पंपाचा डोस वाढवून बघत राहायचं. तिसरा मी स्वतःच बाजूला काढला, कारण औषधाने लक्षणं दबतात आणि ॲलर्जी आत वाढत राहते. झटके तीव्र असते, किंवा आधी कधी दवाखान्यात दाखल व्हावं लागलं असतं, तर पहिल्याशिवाय दुसरा पर्याय मी तोंडातून काढला नसता. तसं नव्हतं. आम्ही दुसरा घेतला. श्वास चढला, पंप चार तासही पुरेना झाला, तर नोंद सोडून थेट दवाखाना, हे कागदावर लिहून दिलं.

आणि पहिले दोन आठवडे वाया गेले. पीक फ्लो मीटर म्हणजे हातात मावणारी नळी. तीनदा जोर लावून फुंकायचं, त्यातला मोठा आकडा लिहायचा. उठल्यापासून झोपेपर्यंत दर दोन-अडीच तासांनी, दिवसाला निदान चार वेळा तरी. त्यांनी तक्ता आणला तो नीटनेटका, एकाच निळ्या शाईत, आणि आकडे कसे? ४५०, ४५०, ४४०, ४५०. एवढी गोल छाती कुणाची नसते. रागवायच्या आधी विचारलं, कामावर नळी फुंकता कुठे? बराच वेळ ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, “सगळ्यांसमोर फुंकलं की पोरं हसतात. म्हणतात, दादांनी बासरी घेतली. मग रविवारी बसून भरलं.”

चूक माझी होती. मीटर कसं फुंकायचं ते मी दाखवलं, कुठे फुंकायचं ते विचारलं नाही. वर्कशॉपच्या मागे सुट्या भागांची खोली होती, तिथली जागा ठरली, आणि मोबाइलवर वेळेचे गजर लावले.

नव्या तक्त्यावर प्रायमरचे करडे ठसे होते. तेव्हाच बरं वाटलं.

नोंदींनी काय दाखवलं

कामाच्या पहिल्या दिवशी आकडे ५०० च्या आसपास. दुसऱ्या दिवशी रात्री ४२०. चौथ्या दिवशी पहाटे ३७०. एका रविवारच्या विश्रांतीने ते जेमतेम ४४० वर यायचे आणि सोमवारी पुन्हा घसरगुंडी. आठवड्याची एक सुट्टी या दम्यात पुरत नाही. उलट ‘रविवारी पण खोकतो ना, मग काम कसं कारण?’ असा चुकीचा पुरावा देते. दोन आठवड्यांच्या रजेत सहाव्या दिवसापासून आकडे ५१० च्या खाली आले नाहीत.

जोडीला मेथाकोलिन चाचणी केली, म्हणजे श्वासनलिका किती चटकन आवळतात ते मोजणं. कामाच्या आठवड्याच्या शेवटी एकदा, रजा संपताना एकदा. दोन्हींत तिपटीहून जास्त फरक आला. रक्तात आयसोसायनेटविरुद्धची प्रतिपिंडं मात्र सापडली नाहीत. यावरून गोंधळू नये: ही रक्तचाचणी ‘आहे’ म्हणाली तर बऱ्यापैकी विश्वास ठेवावा, ‘नाही’ म्हणाली तर त्याला फारसा अर्थ नसतो. संशयित रसायनच नियंत्रित मात्रेत हुंगवून बघायची चाचणी मोजक्या ठिकाणी होते. आम्हाला ती मिळाली नाही आणि एवढ्या नोंदींनंतर तिच्यासाठी अडून बसावं असंही वाटलं नाही.

उरलं होतं रसायनाचं नाव. मालकांनी हार्डनरचं सुरक्षा माहितीपत्रक द्यायला टाळाटाळ केली. कारागिरांनी डब्याच्या लेबलचा फोटो काढून आणला. त्यावर ‘एच ३३४’ हा संकेत होता. त्याचा अर्थ असा की हे श्वासावाटे गेल्यास ॲलर्जी, दम्याची लक्षणं किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो. दोन वर्षं हा डबा रोज त्यांच्या हातात होता.

दुसरा निर्णय: मास्क, बदली की रामराम

निदान सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “चांगला मास्क घेतला तर चालेल ना?” बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा घ्यायला मालकही तयार झाले. ज्याला अजून ॲलर्जी बसलेली नाही त्याच्यासाठी टू-के रंगाला हाच योग्य मुखवटा. पण ज्याचं शरीर एकदा या रसायनाविरुद्ध उठलं, त्याला पुढे अतिशय थोडं प्रमाणही पुरतं. मुखवटा काढतानाचा एक क्षण, शेजारच्याने उघडलेलं दार, हार्डनर मोजताना सांडलेले थेंब. त्यामुळे मी नाही म्हटलं.

दुसरा विचार पाण्यावर आधारलेल्या रंगांचा. तो ऐकायला छान वाटतो. पण अशा पद्धतीत पाण्यावरचा असतो तो खालचा रंगाचा थर. वरचा क्लिअर बहुतेक वेळा हार्डनर घातलेलाच असतो.

राहिले दोन: वर्कशॉपमध्येच डेंटिंगकडे बदली, किंवा वर्कशॉपच सोडणं. माझा कल सोडण्याकडे होता आणि मी ते बोललो. कारागिरांनी वहीत हिशोब करून आणला होता. डेंटिंगला गेलं तर दर गाडीमागचे पैसे बंद, कमाई साधारण चाळीस टक्क्यांनी खाली. सोडलं तर शून्यावर. डोक्यावर घराच्या डागडुजीची उसनवारी, दोन मुलं शाळेत, पत्नी घरी शिलाई करून थोडंफार कमावणारी. “डॉक्टर, तुम्ही छातीचं बघताय. मला महिन्याच्या एक तारखेचं बघावं लागतं.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. डेंटिंग ठरलं.

तडजोड म्हणून ते चुकीचं नव्हतं. चूक ही झाली की बदली ‘करून बघू’ अशी न ठरता ‘झाली’ अशी ठरली. डेंटिंगची जागा बूथपासून वीसेक पावलांवर. कोट सुकताना बूथचं दार उघडं ठेवायची सवय तशीच होती. मी तीन महिन्यांनी यायला सांगितलं आणि नोंदी थांबवल्या. त्या चालू असत्या तर दुसऱ्याच आठवड्यात आकडे बोलले असते.

ती संध्याकाळ

नवव्या आठवड्यात एका गाडीची संध्याकाळीच डिलिव्हरी द्यायची होती आणि नव्या रंगाऱ्याकडून बॉनेटवर ओघळ आले. मालकांनी सांगितलं नाही, असं कारागीर शपथेवर म्हणतात. ते आपणहून उठले. ओघळ घासला, जुना मास्क चढवला आणि एक कोट मारला. दहा मिनिटांचं काम. “हात शिवशिवत होते,” असं म्हणाले. रात्री अकराला श्वास लागला, पंप फोल ठरला, पत्नी आणि शेजाऱ्याने रिक्षात घालून आणलं. दोन रात्री ऑक्सिजनवर गेल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच विषय काढला आणि वर्कशॉप सोडायचं ठरलं.

पैशाचा हिशोब

आम्ही घरखर्चाची वही घेऊन बसलो, कारण भरपाईच्या अर्जाला आकडे लागतात. त्यात असं काही निघालं जे कुठल्याच अर्जाच्या रकान्यात बसेना. बुडालेले दिवस आणि औषधं बसली. गादी आणि भिंत नाही बसली, कारण ती ‘चुकीच्या निदानापायी’ झालेली. पत्नीची शिलाई रात्री बारापर्यंत गेली, तेही नाही. मोठ्या मुलीने शिकवणी सोडली, तिने कारण सांगितलं ‘कंटाळा आला’. उसनवारीवरचं व्याज कोणाच्या नावे लिहायचं?

हे एका घरापुरतं नाही. ब्रिटनमध्ये कामामुळे दमा झालेल्या २००३ सालच्या नव्या रुग्णांच्या आयुष्यभराच्या खर्चाचा अंदाज बांधला गेला, त्यात जवळपास निम्मा भार खुद्द रुग्णावर, जवळपास तेवढाच सरकारवर आणि सुमारे ३ टक्के मालकांवर पडलेला दिसला. ज्याच्या हातात बूथचं दार आणि मुखवटा, त्याच्या खिशाला सगळ्यात कमी झळ. मालकांना वाईट म्हणायचं नाही, पण या वाटणीत त्यांना घाई का वाटावी?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत कामातल्या पदार्थांमुळे होणारा दमा स्पष्टपणे आहे. यादीत असणं वेगळं आणि आपल्या केसमध्ये सिद्ध होणं वेगळं. अर्जाला चौदा महिने लागले. विरोधी बाजूने दोन मुद्दे धरले: सिगारेट, आणि ते सात केसपेपर ज्यांवर रंगकामाचा उल्लेखही नाही. आमच्याकडून गेले ते ठसे उमटलेले तक्ते आणि लेबलचा फोटो. भरपाई मंजूर झाली, मागितल्यापेक्षा बरीच कमी. उसनवारी फिटली, फार काही उरलं नाही.

परिणाम

मधले सात महिने ते घरी होते. छाती सुधारत होती आणि माणूस बिघडत होता. मुलांसमोर पंप घेत नसत, मोरीत जाऊन घेत. कुणी कामाचं विचारलं की चिडत. पत्नीने एका भेटीत त्यांना बाहेर पाठवून सांगितलं की हे दिवसभर बोलतच नाहीत. आम्ही समुपदेशनाकडे पाठवलं. दोनदा गेले, मग सोडलं.

वाट अनपेक्षित बाजूने निघाली. अपघातग्रस्त गाड्यांच्या नुकसानीचा अंदाज करून देणाऱ्या एका कार्यालयाला असा माणूस हवा होता ज्याला फोटो बघून कळेल की पत्रा ठोकून निघेल की बदलावा लागेल, आणि शेड जुळेल की नाही. चौदा वर्षांचा डोळा कामी आला. कमाई आता जुन्या कमाईच्या पाऊण हिश्शावर आहे.

दोन वर्षांनंतर स्पायरोमेट्री जवळपास नेहमीच्या पातळीवर आहे, पण सकाळचा पंप सुटलेला नाही. थंड हवा, धूर, उग्र अत्तर यांनी छाती अजून आवळते. संपर्क पूर्ण तोडल्यावरही साधारण एक तृतीयांश रुग्णच पूर्ण बरे होतात. बाकीच्यांचा दमा कमी-जास्त राहतो. लक्षणं सुरू झाल्यावर जितक्या लवकर संपर्क तुटेल तितकी शक्यता बरी. कारागिरांचा संपर्क खऱ्या अर्थाने तुटला तो पहिल्या लक्षणानंतर जवळपास दीड वर्षाने. सिगारेट त्यांनी सोडली आहे, म्हणजे तसं ते म्हणतात.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त गोष्ट पहिल्याच भेटीत होती: सुट्टीत बरं वाटतं का, आणि कामावर परतल्यावर पुन्हा सुरू होतं का? मोठेपणी नव्याने दमा झालेल्या प्रत्येकाला हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तरं मिळाली की केसपेपरवर लिहावं, नेमक्या शब्दांत. ‘खाजगी नोकरी’ नको, ‘गाड्यांना टू-के रंगाचे स्प्रे काम’ हवं. त्या पाच शब्दांनी अर्जाचे पुढचे चौदा महिने कदाचित सहा झाले असते.

बदली केली तेव्हा नोंदी चालू ठेवायला हव्या होत्या, निदान चार आठवडे. आणि मालकांशी बोलायला मी फार उशिरा गेलो. तोवर ते वकिलाला विचारून बोलत होते. आधी गेलो असतो तर बूथचं दार तरी बंद झालं असतं.

पुरावा गोळा करायला आम्ही काम चालू ठेवलं, रिकामे गेलेले दोन धरून सहा आठवडे. यावर माझं मन अजून एका जागी नाही. त्या आठवड्यांनी भरपाई मिळवून दिली. छातीचं काय घेतलं, ते मोजायला माझ्याकडे मीटर नाही. पुन्हा अशी केस आली तर मी तेच करीन, पण रोज फोन करून आकडे विचारीन.

आणखी एक गोष्ट आम्ही विचारलीच नाही: वर्कशॉपमध्ये आणखी कुणाला खोकला आहे का? हे कळलं ते कारागिरांमुळेच. वर्कशॉप सोडल्यावर वर्षभराने ते एका पोराला घेऊन आले. बावीस वर्षांचा, त्यांच्या हाताखाली शिकलेला, बासरीवरून हसणाऱ्यांतला. नाक वाहतंय, डोळे चुरचुरतात, रात्रीचा खोकला अजून नाही. मालकांनी मधल्या काळात हवा पुरवणारा मुखवटा घेतला होता आणि बूथच्या दारावर कोट झाल्यावर किती मिनिटं थांबायचं याची पाटी लावली होती. पोराच्या म्हणण्याप्रमाणे घाईच्या दिवशी ती कुणी वाचत नाही. कारागिरांनी त्याला माझ्यासमोर बसवून मीटर फुंकून दाखवलं, तीनदा, आणि कुठल्या खोलीत जाऊन फुंकायचं तेही सांगितलं. पंधरा दिवसांनी त्याचा तक्ता आला. आकडे वेडेवाकडे होते आणि कागदावर करडे ठसे होते.